जूनपर्यंत

चोरलच्या आमराईत चौतीस झाडं,
त्यांतल्या अकरांवर बांडगूळ.
भावजींनी इंदूरहून फोन केला :
"कुमुदच्या भावाला म्हणावं, रिकामाच बसलायस,
तेवढं तरी छाटून टाक."
फोन गेंदालाल माळ्याच्या हातात होता,
स्पीकर चालू.

गेंदालालने शिडी लावली, कोयता दिला,
माझ्याकडे न बघता म्हणाला, "काट दो, भिया."

आंब्याच्या पानांत ही दुसरीच पानं,
जाड, राखट,
पाहुण्याने यजमानाचा सदरा घालावा तशी.
आणि मधूनच
चिक्. चिक्-चिक्.

फुलटोचा. अंगठ्याएवढा.
रंगात मिरवावं असं काही नाही.
शेपूट तेवढी सारखी या अंगाला, त्या अंगाला,
मुलाखतीला बसलेल्या माणसाच्या पायासारखी.
त्याने बांडगुळाचं पिकलं फळ तोडलं,
चोचीत घोळवलं, साल टाकली, गर गिळला.
चिकट बी चोचीलाच राहिलं.
मग फांदीवर चोच पुसली,
एकदा इकडून, एकदा तिकडून,
आचवून उठलेल्या माणसासारखी.
बी फांदीला.
पेरणी म्हणतात ती एवढीच.

पिथमपूरच्या गिरणीत बावीस वर्षं मी सूत तपासलं.
गिरणी बंद झाल्यावर बहिणीकडे, वरची खोली.
हा शब्द मी पहिल्यांदा तिथेच ऐकला,
खालून, कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधे.
झाडाबद्दल नव्हता.

घरटं तिसऱ्या दिवशी दिसलं,
बांडगुळातच, पानाआड टांगलेलं,
वाळक्या मोहोराच्या रंगाचं.
जुनी चंची वाटावी. तोंड कुशीला.
मी सुताचा माणूस, मला कळतं :
यात धागा नाही, वीण नाही.
सावरीचा कापूस, कोळ्याचं जाळं,
दाबून दाबून केलेला नमदा.
असा माल आमच्याकडे कधी निघाला नाही.

बोट घातलं नाही.
कस्तुरीबाईचा टिकली लावायचा आरसा
काठीला बांधून पाहिलं.
दोन अंडी, गुलाबीसर,
वर विटकरी शिंतोडे.

"छाटलं का?"
"छाटतोय."
खोटं नव्हतं. दहा झाडं केली होती.
अकरावं उंच आहे म्हणालो,
ते खोटं होतं.

आंब्याचं नुकसान होतं, हेही खरंच.
बांडगुळाच्या फांदीला नऊ कैऱ्या,
शेजारच्या फांदीला एक्केचाळीस.
मी मोजल्या. सवय जात नाही.

पिल्लं झाली तेव्हा आधी कोळी आले,
बारीक, पाय हलत असलेले.
मग काही दिवसांनी फळं, गुलाबी,
एकामागून एक.
नर कुठला, मादी कुठली,
मला शेवटपर्यंत ओळखता आलं नाही,
दोघंही सारखीच दमलेली.
गेंदालाल बिडी विझवून खाली उभा राहायचा.
एकदा म्हणाला,
"बच्चे तो इसी के फल पे पल रहे, भिया."
पुढे काही बोलला नाही. मीही नाही.

भावजी एकदा स्वतःच आले गाडी घेऊन.
वर पाहिलं. मी शिडी धरून उभा.
चिक्-चिक् झालं.
"खार आहे का?" म्हणाले.
"असेल," म्हणालो.
त्यांनी कैऱ्यांच्या दोन पिशव्या भरल्या,
निघताना एक मला दिली,
वरच्या खोलीत लोणचं घालायला.

जूनमध्ये घरटं रिकामं झालं.
हातावर घेतलं तर वजनच नाही.
खिशात ठेवलं, कोयता काढला,
शिडीवर पाय दिला.

शिडीच्या वरच्या दांड्यावर
एक बी चिकटलेलं.
त्यातून हिरवा बारीक पाय निघाला होता
आणि वाकून
वाळलेल्या बांबूत
जागा शोधत होता.

गेंदालाल, म्हटलं,
दुसरी शिडी आहे का?